पहाटे साडेचारचा गजर आधी बंद करा

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून:

"माझे वय ३९. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात आम्ही पाच जण राहतो. मी, यजमान, सासूबाई, सहावीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. माझी नोकरी फोर्टमध्ये आहे. सव्वापाचला उठून डबे करते, ८:१४ ची स्लो लोकल पकडते आणि संध्याकाळी पावणेआठला घरी पोहोचते. यजमानांची दुपारची पाळी असल्याने ते साडेनऊला येतात, मग पावणेदहाला आम्ही सगळे एकत्र जेवतो. मागचे आवरून मला झोपायला बारा वाजतात. मुलीची बस सकाळी ६:२५ ला येते, पण ती सव्वाअकराच्या आत झोपत नाही, आणि मोबाईल समोर असल्याशिवाय दोन्ही मुले जेवत नाहीत. सासूबाईंना मधुमेह आहे. त्या आठला गोळी घेतात आणि आमच्यासाठी जेवायच्या थांबतात. नऊच्या सुमारास कधीकधी त्यांना घाम फुटतो, पण अशक्तपणा आहे असे म्हणून त्या विषय संपवतात. गेल्या महिन्यात माझी तपासणी झाली. रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी चाचणी ६.१ आणि हिमोग्लोबिन १०.२ आले. डॉक्टरांनी चालायला आणि वेळेवर खायला सांगितले आहे. साडेचारचा गजर लावून योगासने करायचा प्रयत्न मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा दहा दिवसांच्या आत सोडला. माझ्यात चिकाटीच नाही असे वाटू लागले आहे. घराला चांगल्या सवयी लावण्यासाठी नोकरी सोडावी का?"

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यातल्या वेळा तेवढ्या एका कागदावर उतरवून काढल्या. या शहरात फॅमिली डॉक्टर म्हणून अनेक वर्षे काढल्यामुळे, माणूस काय खातो हे विचारण्याआधी तो किती वाजता खातो आणि किती वाजता झोपतो हे विचारायची सवय मला लागली आहे. तो कागद समोर ठेवल्यावर मला चिकाटीचा अभाव कुठेही दिसला नाही. बाराला झोपून साडेचारला उठणारी व्यक्ती दहा दिवस तग धरते, हीच माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मला दिसले ते असे, की तुम्ही ज्या सवयी पहाटेत शोधत आहात त्या सगळ्या रात्री पावणेदहाच्या जेवणापाशी अडकून पडल्या आहेत.

पण त्याआधी सासूबाईंविषयी, कारण ही गोष्ट पुढच्या आठवड्यावर टाकण्यासारखी नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेतल्यावर वेळेवर अन्न पोटात गेले नाही तर रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. आठला गोळी, पावणेदहाला जेवण आणि मध्ये नऊला घाम हा क्रम वाचून मला तीच शंका येते. त्यांच्या गोळीचे नाव पाहा, घरात ग्लुकोमीटर ठेवा आणि पुढच्या वेळी घाम फुटला की लगेच साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग जेवण द्यावे. मोजायला यंत्र हाताशी नसेल तरी अशा वेळी साखरेचे पाणी द्यायला कचरू नये. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, मात्र त्यांच्या डॉक्टरांना या वेळा याच आठवड्यात सांगा. "सून दमून येते, तिच्याआधी कसे जेवायचे" या संकोचापोटी अनेक घरांतल्या ज्येष्ठ बायका असे थांबतात. त्यांना हे तुम्हीच सांगायला हवे, की त्यांनी वेळेवर जेवणे हा औषधाचाच भाग आहे.

आता त्या पावणेदहाच्या जेवणाकडे येतो. सगळ्यांनी एकत्र जेवायचे ही तुमच्या घराची रीत आहे आणि ती मला मोलाची वाटते, कारण मुंबईत दिवसभर पाच जण पाच दिशांना असतात. परंतु पत्रातला तो तासभर थोडा जवळून पाहू या. मुलगा पेंगुळलेला आहे, मुलीच्या एका हातात मोबाईल आहे, सासूबाईंना बरे वाटत नाही आणि तुम्ही पोळ्या करत ओट्यापाशी उभ्या आहात. म्हणजे एका खोलीत पाच जण आहेत, पण बरोबर बसून कोणीच जेवत नाही. तेव्हा रीत मोडते आहे असे समजू नका, फक्त तिची जागा बदला. सोमवार ते शुक्रवार तुम्ही, दोन्ही मुले आणि सासूबाई सव्वाआठला जेवा. यजमान आले की त्यांनी आपले ताट स्वतः वाढून घ्यावे आणि तुम्ही त्यांच्याशी गप्पा मारायला बसावे. पाचही जणांची पंगत शनिवारी-रविवारी दुपारी आणि रात्री, निवांतपणे आणि फोनशिवाय होऊ द्या.

या सूचनेवर घरात कुरबुर होईल याची मला कल्पना आहे. नवऱ्याआधी जेवणे अजूनही अनेक सुशिक्षित घरांत खटकते, बोलून कोणी दाखवत नाही इतकेच. माझी आई आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवली. कढईत उरेल ते तिच्या पानात यायचे, आणि तिला मधुमेह आहे हे आम्हाला कळेपर्यंत तिच्या डोळ्यांपर्यंत त्याचा त्रास पोहोचला होता. ती थांबायची म्हणून आमच्यापैकी कोणाचे काही अधिक भले झाले, असे मला आज म्हणता येत नाही. तुमच्या यजमानांना हे शांतपणे, सुटीच्या दिवशी, सासूबाईंच्या घामाचे कारण आणि तुमचा अहवाल समोर ठेवून सांगा. ते नाही म्हणतील असे पत्रावरून तरी वाटत नाही.

जेवण सव्वाआठला आणले तर बाकीचे पुष्कळ आपोआप सरकते. पावणेनऊला पाने उचलली जातात, मुलगी पावणेदहापर्यंत अंथरुणात जाऊ शकते आणि पावणेसहाला उठेपर्यंत तिची आठ तास झोप होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आज तिला मिळतात साडेसहा, त्यामुळे ती सकाळी चिडचिड करते याचे मला नवल वाटत नाही. नऊ तास भरवायचे तर तिने पावणेनऊला झोपायला हवे, आणि ते आपल्याकडे जमणे अवघड आहे हे मीही जाणतो. म्हणून आठ तास ठरवा, शाळेतून आल्यावर अर्धा तास डुलकी घेऊ द्या, आणि शनिवारी ती सातपर्यंत झोपली तर उठवू नका. तुमचा मुलगा त्या मानाने सुदैवी आहे, कारण चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. सहावीला ती सवलत नाही. रात्री नऊनंतर पालकांच्या गटावर गृहपाठाचे निरोप येत असतील तर दोन-चार पालकांनी मिळून शाळेला सभ्य भाषेत पत्र द्यावे. अशा पत्राने फरक पडल्याचे मी पाहिले आहे.

आता तुम्ही नक्की विचाराल, की पावणेआठला दारात पाऊल टाकणाऱ्या बाईने सव्वाआठला जेवण कुठून आणायचे. तुम्ही एकटीने ते आणायचे नाही, हे माझे पहिले उत्तर. साडेसातला वरण-भाताचा कुकर लावणे सासूबाईंना झेपत असेल तर ते त्यांच्याकडे द्या. पोळ्या लाटायला बाई लावा किंवा स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घ्या. त्यात कमीपणा मानणाऱ्या अनेक भगिनी मला भेटतात, पण त्या पोळ्यांनी वाचवलेली चाळीस मिनिटे झोपेत जाणार असतील तर तो सौदा मला फार चांगला वाटतो. भाजीचे म्हणाल तर लेडीज डब्यात मुंबईच्या बायकांनी हा प्रश्न कधीचाच सोडवलेला आहे. घाटकोपर येईपर्यंत मेथीची जुडी निवडून, काड्या एका पिशवीत आणि पाने दुसऱ्या पिशवीत बांधून ठेवणाऱ्या बाईला तुम्हीही पाहिले असेल. अर्थात तुम्हाला गाडीत बसायला जागा मिळाली आणि डोळे मिटावेसे वाटले, तर डोळेच मिटा. मेथी थांबेल.

रोज वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर असे चौरस ताट झालेच पाहिजे, हा आग्रहही जरा सैल करा. मुगाच्या डाळीच्या खिचडीत गाजर, फरसबी, पालक घातले आणि बाजूला ताक असले तर ते पूर्ण जेवण आहे. पिठले-भाकरी आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, भाजणीचे थालीपीठ आणि दही, मटकीची उसळ आणि भात, हीसुद्धा तशीच. मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधली, की मुंबईच्या हवेत संध्याकाळपर्यंत तिला मोड फुटू लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनानुसार ताटाचा साधारण अर्धा भाग भाज्या-फळांचा असावा. आपल्या घरांत तो अर्धा भाग भाताने आणि पोळ्यांनी व्यापलेला असतो. तुम्ही भात बंद करू नका. फक्त ताटात आधी भाजी आणि उसळ वाढा, आणि उरलेल्या जागेत भात घ्या.

तुमच्या हिमोग्लोबिनसाठी एक बारकावा सांगतो, जो साधा असूनही राहून जातो. डाळी, पालेभाज्या आणि नाचणीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. त्यावर लिंबू पिळले तर ते शोषण वाढते आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर घटते. म्हणून डब्यात लिंबाची फोड ठेवा आणि दुपारचा चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा वाढलेलाही दिसू शकतो, तेव्हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ६.१ कडे पाहताना हिमोग्लोबिनचे १०.२ विसरू नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर करून घ्यावी का, आणि लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात का, हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

चहाचे तुम्ही सविस्तर लिहिलेले नाही, पण फोर्टातल्या कचेऱ्या मला ठाऊक आहेत. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दीड चमचा साखर धरली तर साडेसात चमचे, म्हणजे जवळपास ३० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम मानते, आणि इथे तर अजून बिस्किट मोजलेलेच नाही. पाचाचे तीन कप करा आणि चार वाजता भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा एखादा पेरू जवळ ठेवा. चारला काही पोटात गेले असले, की सातला स्टेशनवरच्या वडापावकडे पाय वळत नाहीत.

व्यायामासाठी पहाट मोकळी करण्याची गरज मला तुमच्या बाबतीत दिसत नाही. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंत चालत साधारण पंधरा मिनिटे लागतात. तुम्ही बसच्या रांगेत उभ्या राहत असाल तर ती रांग सोडा. जाताना पंधरा आणि येताना पंधरा अशी पाच दिवसांची बरोबर १५० मिनिटे होतात. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती पुरे. पावसाळ्याची अडचण कोणी सांगितली तर मी दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या इमारतींच्या कमानी दाखवतो, ज्यांच्याखालून बरेचसे अंतर डोके न भिजता जाता येते. फेरीवाल्यांच्या गर्दीत गती मंदावते हे खरे, पण थांबण्यापेक्षा ते बरे. शिवाय रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे इमारतीच्या आवारात मुलाचा हात धरून फिरलात, तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, कारण पायांचे स्नायू ती वापरतात.

एवढ्याशा चालण्याने काय होणार, अशी शंका माझ्या दवाखान्यात रोज कोणीतरी काढते. तिला आपल्याच देशातले उत्तर आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रोज अर्धा तास चालणे आणि आहारातले मोजके बदल एवढ्याच बळावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. उलट, अपुरी झोप शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडवते हेही पक्के ठाऊक झालेले आहे. साडेचारला उठून तुम्ही योगासनांनी जे मिळवत होता, ते साडेचार तासांच्या झोपेत गमावत होता. योगासने आवडत असतील तर रविवारी करा, आठला, उजाडल्यावर.

मोबाईलकडे मी थोडा वेगळ्या नजरेने पाहतो. तुम्ही स्वयंपाकघरात असता तेव्हा मुलांजवळ मोठे माणूस नसते आणि ती जागा मोबाईलने घेतलेली आहे. ती रिकामी करायची तर तिथे दुसरे काहीतरी ठेवावे लागेल. सव्वाआठच्या जेवणाचे एक काम प्रत्येक मुलाचे असू द्या. मुलगी काकडी चोचवेल, शेंगदाण्याचे कूट घालेल आणि लिंबू पिळेल. मुलगा पाने घेईल आणि पाण्याची भांडी भरेल. ज्या कोशिंबिरीला आपला हात लागला आहे ती मुले चाखून पाहतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आठ वाजता घरातले सगळे फोन एका फळीवर चार्जिंगला लावायचे, हा नियम मात्र सगळ्यांना सारखा असावा. त्यात तुमचा फोन आला आणि साडेनऊनंतर यजमानांचाही. सासूबाईंची मालिकासुद्धा जेवणाच्या अर्ध्या तासापुरती थांबावी. पहिले चार-पाच दिवस मुले कमी जेवतील, रडतीलही. त्या दिवसांत मागे लागून भरवू नका. सहा वर्षांचे निरोगी मूल रात्री दोन घास कमी जेवले म्हणून काही बिघडत नाही, सकाळी ते भुकेने उठते. मुलांच्या खेळासाठी वेगळा वर्ग लावायची घाई नको. त्यांना रोज तासभर धावपळ हवी असते, आणि संध्याकाळी साडेपाच ते सात इमारतीच्या आवारात ती फुकट मिळते.

यजमानांविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी एकच वाक्य लिहिले होते, "ते मदत करतात, पण सांगावे लागते." सारांशात ते वगळले असले तरी माझे मन तिथे अडकले. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. त्यामुळे हे चित्र तुमच्या एकटीच्या घरातले नाही. तरीही तोडगा तुमच्या घरातच काढावा लागेल. सुटी सुटी कामे सांगत राहिलात तर लक्षात ठेवण्याचे ओझे तुमच्याच डोक्यावर राहते. त्याऐवजी एक अख्खी जबाबदारी त्यांच्याकडे द्या. ते सकाळी अकरापर्यंत घरी असतात. आठवड्यातल्या तीन सकाळी मुलीला उठवणे, तिचा डबा आणि बसपर्यंत सोडणे हे सगळे त्यांचे असावे, डब्यात काय द्यायचे हे ठरवण्यासकट. त्या तीन दिवशी तुम्ही साडेदहाला झोपून सव्वासहाला उठा. डब्यात सलग दोन दिवस पोळीचा लाडू गेला तरी काही बोलू नका. रात्री उशिरा येणाऱ्या माणसाला पहाटे उठवणे अन्यायाचे वाटेल, पण तुम्ही ते आठवड्यात पाचही दिवस करत आहात. आणि मुलाला शाळेत सोडून आल्यावर त्यांना तासभर आडवे होता येते, तुम्हाला येत नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. आज तुमच्या कागदावरच्या वेळा पाहून मी नोकरी सोडा असे म्हणणार नाही. तुम्ही घरी बसलात तरी जेवण यजमानांसाठी थांबणार असेल, फोन ताटाशी असतील आणि सकाळ एकट्या तुमची असेल, तर झोप आहे तिथेच राहील आणि हातातला पगार जाईल. मन दुसऱ्या कारणांनी नोकरीला विटले असेल तर तो वेगळा विचार आहे, तो सवडीने करा. तूर्त कचेरीत अर्धा तास आधी येऊन अर्धा तास आधी निघण्याची परवानगी मिळते का, एवढे विचारून पाहा. संध्याकाळचा अर्धा तास तुम्हाला सकाळच्या एका तासाइतका उपयोगी पडेल.

हे सगळे एकाच सोमवारी सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त सव्वाआठचे जेवण आणि फळीवरचे फोन. त्यात पाचपैकी तीन दिवस जमले तरी जमले असे धरा. तिसऱ्या आठवड्यापासून हुतात्मा चौकापर्यंत चालणे घ्या, आणि यजमानांच्या तीन सकाळी त्यानंतर. मुलीची चाचणी परीक्षा किंवा घरात पाहुणे असतील तर सुरुवात पुढे ढकला. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे त्याआधी पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी ती आणि हिमोग्लोबिन एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत करून घ्या आणि दोन्ही अहवाल जुन्या अहवालांशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. त्याच फेरीत यजमानांचीही साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, कारण पत्रात त्यांच्या तपासणीचा कुठेच उल्लेख नाही.